व्याह्यांचं पद

हिल्सबरो, ऑकलंड
१४ सप्टेंबर २००३

दादा,

वाकून नमस्कार करायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा उभ्यानंच केला असं समज. तुला कानाचं यंत्र लावायचं नाही आणि मला फोनवर ओरडायचं नाही, म्हणून ही पत्रापत्री. वहिनी फोनवर छान बोलते, पण तिला एखादी गोष्ट सांगितली की ती संध्याकाळपर्यंत सहकारनगरभर होते. म्हणून आधी तुला.

गार्गीनं लग्न ठरवलं. आपण चार वर्षं तिच्यासाठी स्थळं शोधली, त्या नाशिकच्या दंतवैद्याकडे तू उन्हातान्हात हेलपाटे घातलेस, आणि हिनं मागच्या रविवारी भांडी विसळता विसळता सांगितलं, "आई, मी आणि सॅम फेब्रुवारीत लग्न करतोय." मी हातातली कढई ठेवली आणि खुर्चीत बसले. ती म्हणाली, "रडणार असशील तर आत्ताच रड, संध्याकाळी तो जेवायला येतोय." तुझी भाची आहे, तुझ्यावरच गेलीय.

मुलगा सिव्हिल इंजिनियर आहे, पाण्याच्या पाइपलाइनींची कामं करतो. उंच, शांत, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासतो. इथला नागरिक आहे. आई लहानपणीच गेली. आणि वडील, दादा, हे वाचून तुला बरं वाटेल, वडील त्यांच्या देशाच्या तिन्ही सैन्यदलांचे मुख्य होते. चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ. मी गार्गीला दोनदा विचारून खात्री करून घेतली. आता ते इथेच असतात.

बाकीचं सविस्तर नंतर लिहीन. टिपणीस गेल्यापासून तिचा वडीलधारा तूच. तुझा आशीर्वाद आला की मला रात्री झोप लागेल.

तुझी वसू

*

पुणे
२९ सप्टेंबर २००३

वसू,

आशीर्वाद अगोदर, चौकशी नंतर. पत्र वाचलं आणि लगेच स्नेहलताला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यामुळे ते सहकारनगरभर झालेलं आहे.

तू काय लिहिलं आहेस याची तुला कल्पना नाही, म्हणून सांगतो. भूदल, नौदल आणि हवाईदल, या तिघांचे प्रमुख ज्याला सलाम ठोकतात तो हा माणूस. राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी त्याची खुर्ची. आपल्याकडे हे पद अजून निर्माणच झालेलं नाही. समित्या बसतात, अहवाल येतात आणि कपाटात जातात. मी अख्खी नोकरी ऑर्डनन्समध्ये काढली, म्हणजे तंबू, बूट आणि रजया. लांबून ब्रिगेडियर दिसला तरी आम्ही पोट आत घ्यायचो. आणि आता आमच्या गार्गीच्या सासऱ्यासमोर मी कुठल्या तोंडानं बसणार? लग्नाला यायला डॉक्टर परवानगी देत नाही, हे एका अर्थी बरंच म्हणायचं.

एक सांग. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईनं "त्यांच्या देशाच्या" असं लिहून देशाचं नाव कसं गाळलं? सॅम म्हणजे पारशी नसणार. मी तूर्त टेकडीवर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना ऑस्ट्रेलिया सांगितलं आहे. चुकलं असेल तर कळव.

तुझा दादा

*

हिल्सबरो
१५ ऑक्टोबर २००३

दादा,

चुकलं आहे. आणि चूक तुझी नाही.

मी देशाचं नाव विसरले नव्हते, लिहायला हात उचलत नव्हता. व्याही आफ्रिकेतले आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचा नखाएवढा देश आहे. नाव अजूनही लिहीत नाही, कारण ते कुठे येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. वडिलांचं नाव ऑगस्टीन डाबो, मुलाचं सॅम्युएल. काळे आहेत, दादा. सावळे नाहीत, काळे. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण कशाची वाटतेय ते नीट कळत नाही. त्यांच्या रंगाची, की मला त्याची लाज वाटते याची.

आणखी एक. "आता इथेच असतात" असं लिहिलं होतं, ते असतात ईस्ट टामाकीला. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं गोदाम आहे, तिथे ते माल लावतात. साठी उलटलेला माणूस.

परवा जेवायला आले होते. इस्त्रीचा सदरा, बुटांना आरशासारखं पॉलिश. सोबत हाना म्हणून त्यांच्याच देशातली एक म्हातारी होती. सॅमला तिनंच वाढवलं, तो तिला आंटी म्हणतो आणि लग्नात आईच्या जागी तीच उभी राहणार आहे. वरमाईचा मान तिचा. सगळ्यांचा भात तीच रांधणार, असं तिनं येताच जाहीर केलं. मोठी खमकी आहे. मला आवडली.

मी जेवताना कौतुकानं विचारलं, "जनरलसाहेब, तुमच्या पदावर असताना काय काय करावं लागायचं?" त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "ते पद आता वापरत नाही." गार्गीनं मला टेबलाखालून पाय मारला. पुढे श्रीखंड वाढायला गेले तर ताटावर हात आडवा. दोनदा नको म्हणाले. आपल्याकडे पहिला नको शिष्टाचाराचा असतो, दुसरा संकोचाचा. तिसऱ्यांदा मी वाढलंच, आणि त्यांनी मुकाट्यानं वाटी संपवली. मग मी ओळखलं. मोठी माणसं स्वतःच्या मोठेपणाला नको नकोच म्हणतात, वाढणाऱ्यानं थांबायचं नसतं.

म्हणून तुला विनंती. पत्रिका पुण्यातच छापून घे, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. त्यात त्यांचं पद घाल. गार्गी नको म्हणते, तेव्हा तिला कळवू नकोस. पत्रिकेत पद असलं की कोणी पुढचं विचारत नाही. मला ईस्ट टामाकीचं उत्तर देत फिरायला नको.

वसू

*

पुणे
३ नोव्हेंबर २००३

वसुधा,

तुझं पत्र आल्यावर मी काही दिवस टेकडीवर गेलो नाही. ऑस्ट्रेलिया ऐकलेली माणसं तिथे भेटतात.

तुला दोष देत नाही. मुलगी सज्ञान आहे, दूर आहे, तिचं ती जाणे. स्नेहलताला पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "फोटो पाठवू नका म्हणावं." मी तिला रागावलो, पण मनात मलाही तेच वाटलं होतं.

मात्र तुझी सूचना योग्य आहे. पदाला रंग नसतो. मी कारखानीसांच्या छापखान्यात स्वतः उभा राहिलो आणि मजकूर लिहून दिला. "तिन्ही सेनादलांचे माजी सरसेनाध्यक्ष जनरल ऑगस्टीन डाबो यांचे चिरंजीव." ही ओळ वधूवरांच्या नावांपेक्षा अंमळ ठळक झाली आहे, पण ती शोभते. खाली निमंत्रक म्हणून मी, कर्नल मधुकर गुप्ते (निवृत्त). लेफ्टनंट हा शब्द जागेअभावी गाळला.

गठ्ठा विमानानं पाठवला आहे. स्नेहलतानं रीत म्हणून आत कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी ठेवली आहे. इथल्या शंभरेक पत्रिका मी वाटायला घेतल्या. लोक ती ओळ वाचतात, भुवया वर करतात आणि चहा मागवतात. देश कोणी विचारत नाही. तू म्हणालीस तसंच झालं.

दादा

*

हिल्सबरो
१ डिसेंबर २००३

दादा,

गठ्ठा पोचला. विमानतळावरच्या क्वारंटाइनवाल्यांनी उघडून पाहिला आणि वहिनीच्या अक्षता काढून घेतल्या. बाहेरचं धान्य इथे चालत नाही. पत्रिका मात्र जशाच्या तशा सोडल्या.

छपाई सुरेख आहे. गार्गी कामाच्या गडबडीत आहे, तिला "पत्रिका आल्या" एवढंच सांगितलं. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मी स्वतः नेऊन दिल्या. कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातल्या, गुजराती काकांनाही दिली, ते ब्रेडचे पैसे घेईनात. दादा, कित्येक महिन्यांनी मी मान वर करून हिंडले. नीलांबरी प्रधान, जी मला "मुलगा कुठला?" म्हणून खोदखोदून विचारायची, ती ओळ वाचून म्हणाली, "अगंबाई, एवढं मोठं घराणं." मी फक्त हसले.

काल रविवार होता, म्हणून मी त्यांच्या चर्चलाही जाऊन आले. त्यांच्या देशातली बरीच कुटुंबं तिथे येतात. पाद्र्यांच्या हातात पत्रिका दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मग हाना आंटीच्या हातात दिली. तिनं बराच वेळ वाचली, मला परत केली आणि आपली पिशवी उचलून बाहेर गेली. चष्मा आणला नसावा. वयाप्रमाणे चालायचंच. व्याही काल आले नव्हते, कामावर होते.

इथे डिसेंबर लागला की पोहुतुकावाची झाडं लाल होतात. आपल्या गुलमोहोराची आठवण येते.

वसू

*

ऑकलंड
७ डिसेंबर २००३

मामा,

आईला न सांगता लिहितेय. तुम्ही दोघांनी मला न सांगता पत्रिका छापल्यात, तेव्हा फिटंफाट.

त्या ओळीला मी नाही म्हटलं होतं, आणि सॅमच्या बाबांनी आईसमोर नाही म्हटलं होतं. तुम्हाला वाटलं ते लाजतायत. ते लाजत नव्हते, मामा, त्यांना लाज वाटत होती. या दोन गोष्टींत फरक आहे.

ते त्या पदावर असताना त्यांच्या राजधानीत धान्य मिळत नव्हतं. धक्क्यावर तांदळाचं जहाज लागलं आणि लोकांनी रांग धरली. सैनिकांनी त्या रांगेवर गोळ्या चालवल्या. हाना आंटीचे दोन्ही मुलगे रांगेत होते. थोरला सतरा वर्षांचा होता. पुढे सरकार पडलं, बाबा राष्ट्राध्यक्षांबरोबर विमानातून निघून गेले आणि सॅम आणि त्याची आई मागेच राहिले. आई निर्वासितांच्या छावणीत तापानं गेली. सॅम बारा वर्षांचा होता. त्याला छावणीत कोणी जवळ करत नव्हतं, कारण तो कोणाचा मुलगा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. हाना आंटीलाही माहीत होतं. तिनं त्याला आपल्या ताटात घेतलं.

आंटी सॅमला घेऊन इथे आली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाबा शोधत शोधत तिच्या दारात आले. चौकशी आयोगापुढे सगळं सांगून आले होते. तिनं मुलाला भेटू दिलं, एका अटीवर. ते पद पुन्हा नावाला लावायचं नाही, कुठे सांगायचं नाही, कोणाकडून म्हणवून घ्यायचं नाही. त्यांनी ते पाळलं. म्हणून इथली त्यांची माणसं त्यांच्याबरोबर एका बाकावर बसतात.

तुम्ही ते ठळक अक्षरात छापलंत.

आंटीनं निरोप पाठवलाय की ती लग्नाला येणार नाही. सॅम म्हणतो, तिच्याशिवाय तो उभा राहणार नाही. आणि मी त्याला काय म्हणू? त्याचं बरोबर आहे.

गार्गी

*

हिल्सबरो
१६ डिसेंबर २००३

दादा,

गार्गीनं तुला लिहिलं हे तिनं मला सांगितलं. म्हणजे तुला कळलंय. तोंड दाखवायला जागा नाही असं आपण सहज म्हणतो. मला खरोखरच नव्हती. चार दिवस मी पडदे ओढून घरात बसले.

पाचव्या दिवशी व्याही आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. तर ते माझी माफी मागायला आले होते. गोदामातून थेट, अंगात ते पिवळं जाकीट. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मिसेस टिपणीस, मी नको म्हणालो होतो, पण पुरेशा मोठ्यानं म्हणालो नाही. माझी ती जुनी खोड आहे."

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, त्या पदावरचा माणूस काय करतो. लोकांना वाटतं तो हुकूम देतो. हुकूम खालचेच अधिकारी देतात. वरच्या माणसाची कामं दोन. राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणं, आणि सैनिकांच्या हातून जे घडेल त्याचं उत्तर देणं. सल्ला मी रोज दिला. धक्क्यावरच्या अधिकाऱ्याचा फोन आला, गर्दी रेटतेय, माणसं मागे घेऊ की काय करू. तो एका वाक्यासाठी थांबला होता. मागे घ्या, एवढंच. मी म्हणालो, परिस्थिती बघून ठरवा. आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा विमानात बसलो."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, थोडं श्रीखंड आणू का? ते पहिल्यांदाच जरा हसले. म्हणाले, "नको. मला दूध पचत नाही. मागच्या वेळी दोन दिवस आजारी होतो." दादा, जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

काल मी हाना आंटीकडे गेले. एकटी, बसनं. गार्गी येते म्हणत होती, तिला नेली नाही. माउंट रॉस्किलला तिचं सरकारी घर आहे, दारात टोमॅटो लावलेत. तिनं दार उघडलं, आत बोलावलं, पण चहा विचारला नाही. भिंतीवर दोन मुलांचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता. मी तो पाहिला हे तिनं पाहिलं.

मी पाठ करून गेलेली इंग्रजी वाक्यं विसरले. तिनंच विचारलं, "ते का छापलंत? तुम्हाला आमची लाज वाटत होती?"

मी हो म्हटलं.

"कशाची? रंगाची?"

"रंगाची. आणि त्यांच्या नोकरीचीही."

ती म्हणाली, "मग तसं बोलायचं. ती लाज मला कळते, बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते तेव्हा रोज दिसते. तिच्यासाठी मी लग्न मोडलं नसतं. पण ती झाकायला तुम्ही जे पांघरूण घेतलंत, त्याच्याखाली माझी मुलं आहेत."

मी तिच्यासमोर रडले नाही. तो हक्क माझा नव्हता. उठताना एवढंच म्हटलं, की प्रत्येक घरी जाऊन पत्रिका परत आणीन आणि का आणली तेही सांगेन. ती दारापर्यंत आली. म्हणाली, "सॅम माझा मुलगा आहे. मी त्याच्यासाठी येईन, भातही करीन. पण त्या कार्डावरचा माणूस हॉलमध्ये बसणार नाही." व्याह्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे." सॅमही तिथेच होता, तो उठून खिडकीशी गेला.

क्वारंटाइनवाल्यांनी अक्षता अडवल्या आणि पत्रिका सोडल्या. उलट करायला हवं होतं.

आजपासून फिरायला सुरुवात केली. पहिलं घर नीलांबरी प्रधानचं.

वसू

*

पुणे
४ जानेवारी २००४

वसू,

"परिस्थिती बघून ठरवा." हे वाक्य वाचून मी पत्र मिटलं. ते मी माझ्या साहेबांच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि हाताखालच्यांना ऐकवलेलंही आहे. त्याचा अर्थ फौजेतल्या प्रत्येकाला कळतो. बरं झालं तर माझं, वाईट झालं तर तुझं. माझ्याकडे फक्त बूट आणि रजया होत्या म्हणून कोणी मेलं नाही. यात माझा मोठेपणा काही नाही.

मी त्या पदाचं वर्णन करताना तुला सलाम सांगितला, खुर्ची सांगितली. ही दोन कामं सांगितली नाहीत. मला ती सुचलीच नाहीत. फौजेत राहिलेल्या माणसाला ती तुझ्या पत्रातून कळावीत, याची मला शरम वाटते.

मीही फिरलो. शंभर घरं म्हणजे काय ते आता कळलं. प्रत्येक दारात सांगितलं की ऑस्ट्रेलिया खोटं होतं. मुलाचे वडील आफ्रिकेतले आहेत, ईस्ट टामाकी नावाच्या ठिकाणी गोदामात माल लावतात, आणि ते आमचे व्याही आहेत. पत्रिका परत मागताना काहींनी चहा दिला, काहींनी दिला नाही. पाटणकर म्हणाला, "अरे, मग एवढं छापायची काय गरज होती?" मी त्याची पत्रिका घेतली आणि पुढच्या दारी गेलो.

नवी पत्रिका सोबत आहे. नुसती नावं आहेत. ऑगस्टीन डाबो, हाना बाई, वसुधा टिपणीस. माझंही नुसतं मधुकर गुप्ते. कारखानीसांनी दोनदा विचारलं, "कर्नल राहिलं का?" म्हटलं, नको. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, छापखान्यातला माणूस शहाणा आहे.

अक्षता पुन्हा पाठवत नाही, तिथलेच तांदूळ घ्या. स्नेहलता माझ्या खुर्चीमागे उभी राहून सांगतेय, लग्नाचे फोटो पाठव. सगळ्यांचे पाठव.

दादा

*

हिल्सबरो
२ मार्च २००४

दादा,

लग्न लागलं. आता तू सावकाश वाच.

माउंट रॉस्किलचा हॉल होता. राखणदार गोरा, जांभळ्या जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून सगळीकडे "स्वीट ऍज", म्हणजे झकास, म्हणत हिंडत होता. नीलांबरीनं रांगोळी काढली. पत्रिका परत मागायला गेले तेव्हा ती माझ्याशी फार बोलली नव्हती, पण आली. त्यांच्या चर्चमधली माणसंही आली. उशिरा आली आणि मागच्या रांगांत बसली, पण आली. हाना आंटी वरमाईच्या खुर्चीत बसली, निळी नऊवार नेसून. गार्गीनं नेसवली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती कोणीच काढली नाही.

मुलीच्या आईनं लग्न लागताना पाहायचं नसतं, तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. हॉलमागे स्वयंपाकघर आहे, तिथे ओट्यावर मी माझी कुंडी ठेवली होती. आत गेले तर तिथे व्याही. कोट, टाय, पॉलिशचे बूट, आणि भाताच्या भल्यामोठ्या पातेल्यांशेजारी सावधान उभे. सॅमनं त्यांना सकाळी विचारलं होतं म्हणे, तुम्ही कुठे असाल? ते म्हणाले होते, भाताजवळ.

मला पाहून त्यांना वाटलं मलाही शिक्षा झालीय. मी म्हटलं, ही आमची रीत आहे. त्यांनी विचारलं, "किती वेळ?"

"मंगलाष्टका संपेपर्यंत."

ते म्हणाले, "माझी जरा लांब आहे."

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये ताटं सरकवायची खिडकी असते, तिला लोखंडी शटर. ते खाली ओढलेलं होतं. पलीकडून मंगलाष्टका ऐकू येत होत्या. भटजी प्रत्येक कडव्याला दम घेत होते. मी पाणी घालत होते आणि ते माझ्या तांब्याच्या धारेकडे पाहत होते.

शेवटचं कडवं सुरू झालं आणि दार उघडून हाना आंटी आत आली. वरमाई मांडवातून उठून आली, दादा. मला वाटलं भात लागतोय की काय. ती पातेल्याकडे गेली नाही. तिच्या हातात अक्षतांची वाटी होती. तिच्याच घरचे तांदूळ, तिनंच आदल्या दिवशी गार्गीला विचारून कुंकवात रंगवलेले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. मग तिनं त्यांचा हात धरला, उलटा केला आणि त्यावर मूठभर तांदूळ ठेवले.

आत या असं ती म्हणाली नाही. खिडकीचं शटर मात्र तिनं हातानं वर ढकललं आणि ती परत खुर्चीत जाऊन बसली.

अंतरपाट दूर झाला. व्याह्यांच्या मुठीतले निम्मे तांदूळ ओट्यावरच सांडले. उरलेले त्यांनी खिडकीतून टाकले. ते मुलांपर्यंत पोचले नाहीत, मधल्या जमिनीवर पडले. सॅमनं मान वळवून पाहिलं. मीही पाहिलं. रीत मोडली, मोडू दे.

नंतर ओट्यावर सांडलेला एकेक दाणा त्यांनी वेचला आणि कोटाच्या खिशात टाकला. मी तुळशीकडे तोंड करून उभी राहिले, त्यांना वाटावं की मला दिसत नाही.

पंगतीला हाना आंटीनं पातेली उघडली आणि त्यांच्या हातात डाव दिला. वाढायला माणसं कमी होती. ते हॉलमध्ये बसले नाहीत, शब्द पाळला. पण वाढपी म्हणून रांगेतून फिरले. तिच्या माणसांना वाढलं, आपल्या माणसांना वाढलं. चर्चमधल्या एका म्हाताऱ्यानं पानावर हात आडवा धरला, त्याच्यापुढे ते क्षणभर थांबले, मान खाली केली आणि पुढे गेले. नीलांबरीनं मला हळूच विचारलं, "हे कोण गं?" मी म्हटलं, "माझे व्याही. गोदामात असतात." ती म्हणाली, "अस्सं," आणि आणखी भात मागून घेतला.

शेवटी माझ्या पानाशी आले. भात लाल, तिखट, फारच चांगला झाला होता. त्यांनी विचारलं, "आणखी?"

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "नको नको."

त्यांनी डाव मागे घेतला आणि पुढच्या पानाकडे गेले. दादा, मला अजून हवा होता, पण मी तशीच उठले.

तुझी वसू